केप घातलेल्यांना सुतक नसतं

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून शिस्त. रोज पाचला उठून लिहायचं. (आज सात झाले, पण सोमवार मोजत नाहीत.) देवनागरीत लिहितोय. अप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून घरात देवनागरी वाचणारं माझ्याशिवाय कोणी नाही. आईला तमिळच वाचता येतं. त्यामुळे वही टेबलावर उघडी टाकली तरी चालते.

काल अखिलाबरोबर तो नवा सुपरहिरो पिक्चर बघितला. हिरोचा भाऊ मरतो. हिरो केप कपाटात कोंबतो आणि डोंगरावर जाऊन शेळ्या पाळतो. खाली शहर बुडतंय. वर शेळ्या. पन्नास मिनिटं शेळ्या.

जो माणूस विमान पाठीवर घेतो तो एका माणसासाठी बसून राहतो? थापा. हे त्या पात्राशी इमान नाही. लेखकाला पुढचं सुचलं नाही की तो हिरोला दुःख देतो आणि स्वतः जेवायला जातो.

अखिला म्हणाली, मला तोच भाग खरा वाटला. अखिला गंगाबाई अत्यांची नात, चित्रं काढते. आम्ही दोघं मिळून कॉमिक करतोय. 'वेण्णार वीर', वेण्णार नदीच्या पुराचं पाणी छातीवर अडवणारा तंजावूरचा हिरो. लेखन माझं, चित्रं तिची. आठ महिन्यांत अकरा पानं झाली. क्वालिटीला वेळ लागतो.

ठरलं: या विषयावर दोन हजार शब्दांचा लेख. रविवारपर्यंत. मग रोज एक पान कॉमिक.

५ फेब्रुवारी, बुधवार

लेखाचं पहिलं वाक्य तयार: 'केप घातलेल्यांना सुतक नसतं.' जबरदस्त. दुसरं वाक्य उद्या.

उदाहरण म्हणून स्वतःलाच घ्यावं की काय? अप्पा ऑगस्टमध्ये गेले. चौदाव्या दिवशी मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. काही झालं नाही मला. सप्टेंबरमध्ये कॉलेजातलं गेस्ट लेक्चररचं काम सोडलं, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. तिथला एचओडी मूर्ख आहे. चार वर्षं तो तिथे होताच, सप्टेंबरमध्ये लक्षात आलं.

याउलट अखिलाचे वडील बघा. अनिरुद्धराव. बायको जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून माणसाने स्कूटरला हात लावलेला नाही. बँकेत चालत जातात. स्कूटरने काय केलं होतं? वीक रायटिंग.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरं वाक्य आलं नाही. गंगाबाई अत्यांचा निरोप आला. शनिवारी ये म्हणाल्या. काय काम असणार ते माहीत आहे.

नोंद करून ठेवतो. या गावात आपली मराठी घरं उरली किती. त्यातलं कोणी गेलं की अप्पांना बोलावणं यायचं. तिरडी अप्पा बांधायचे. दोन लांब बांबू, सात आडव्या काठ्या, पेंढा, सुंभ. खिळा नाही, तार नाही. गाठ अशी की रस्त्यात सैल पडू नये आणि स्मशानात एका ओढीत सुटावी. मी बारा वर्षांचा असल्यापासून सुंभाचं दुसरं टोक धरत आलो. म्हणजे आता हे काम माझं. त्यात चर्चा नाही. मी ते टाळलेलं वगैरे नाही.

ऑक्टोबरमध्ये एक रिटायर्ड मास्तर गेले तेव्हा मला ताप होता. ९९.१. डिसेंबरमध्ये वासुकीमामी गेल्या तेव्हा मी तिरुच्चीला वर्कशॉपला होतो. वर्कशॉप ऑनलाइन होतं, पण तिरुच्चीत नेटवर्क चांगलं.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी

जाऊन आलो. अत्या एक्याऐंशीच्या. वजन पस्तीस किलो, त्यातले दहा जिभेचे. हृदय वीस टक्के चालतंय असं डॉक्टर म्हणाला, तर येईल त्याला मार्क सांगितल्यासारखं सांगतात. "ट्वेंटी परसेंट. तुझ्या कॉलेजात फेल, इथं अजून पास."

मग थेट मुद्द्यावर. "माझी तू बांधायचीस. मी पाच फूट. लांब नक्को बांधू, बघणाऱ्यांना वाटंल अजून कोणीतरी यायचंय."

मी म्हटलं, अत्या, नक्की. शब्द दिला. ऊर भरून आला.

त्यांनी अटी घातल्या. जिन्यावरून खुर्चीत बसवून खाली न्यायचं, मिरवत. आणि अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या सांबशिवमची ती स्टीलची, वर प्लास्टिकची फुलं लावलेली भाड्याची तिरडी आणायची नाही. "ते बघितलं की मला इडलीचं भांडं आठवतं." त्यांच्या यजमानांची अप्पांनी बांधली होती. एवढी नीट, की आयुष्यात पहिल्यांदा ते सरळ झोपलेले दिसले, म्हणाल्या.

विषय बदलावा म्हणून लेखाबद्दल सांगितलं. हिरो, भाऊ, शेळ्या. अत्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, शेळ्या कशा होत्या?

म्हणजे?

म्हणजे नीट पाळल्या कां त्यानं, की त्याही सोडून दिल्या?

हे कोण बघतं पिक्चरमध्ये. मी म्हटलं, बऱ्या दिसत होत्या. "मग काहीतरी करत होता की तो," म्हणाल्या, आणि रव्याचा लाडू पुढे केला. सामान्य प्रेक्षकाची समज एवढीच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लेख थांबवला आहे. प्रॅक्टिकल आधी. उद्या गच्चीवर तिरडीची प्रॅक्टिस. आत्मविश्वासाचा प्रश्न नाही. टेक्निक ताजं ठेवायचं, एवढंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घरातले जुने बांबू सापडले. सुंभ विकत आणलं. दोन लांब, पाच आडव्या बांधून झाल्या. हात आपोआप चालत होते. मग सहाव्या काठीच्या वेळी सुंभाचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. ते पायाखाली दाबून बघितलं. दारच्या कडीला बांधून बघितलं. ताण बरोबर येत नाही. हा इक्विपमेंटचा प्रॉब्लेम. ऊन फार होतं. खाली आलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गच्चीवर गेलो तर आईने त्या अर्धवट तिरडीखाली विटा लावून वर जुनं धोतर पसरलं होतं आणि त्यावर तांदळाचे वडाम घालून ठेवले होते. ओळीने, तीनेकशे. तिला वाटलं मी शेवटी वाळवणाचा मांडव करून दिला. कौतुकाने म्हणाली, उंची बरोबर झाली, कावळा येत नाही.

 मी मान डोलावली. ही तिरडी आहे हे ती कधी ओळखू शकणार नाही. बिचारी.

१६ फेब्रुवारी, रविवार

वडाम तळले. कुरकुरीत. दोन खाल्ले आणि पुढे जाईना. आईने एक डबा गंगाबाई अत्यांकडे पाठवला. त्यांना फार आवडले म्हणे.

लेखाची डेडलाइन पुढच्या रविवारी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अखिलाशी भांडण. बारावं पान दाखवायला आली. स्क्रिप्टमध्ये मी स्पष्ट लिहिलं होतं: भाऊ मेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वेण्णार वीर ड्यूटीवर हजर. नदी गर्जते. तो हसतो. हिने काय काढलं? धरणाच्या दरवाजावर बसलेला वीर. पाय पाण्यात. हातात चहाचा ग्लास, तोही रिकामा. बाकी पानभर नुसतं पाणी. डायलॉग नाही.

मी विचारलं, हा उठत का नाही?

म्हणाली, मी खूप ट्राय केलं. पेन्सिलनं चार वेळा उभा काढला. खोटा दिसतो.

मी तिला कॅरेक्टर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. की हिरो म्हणजे त्याचं काम. काम काढून घेतलं की उरतो फक्त ड्रेस. की वाचक दुःख बघायला येत नाही, दुःख त्याच्या घरी फुकट मिळतं. वीस मिनिटं बोललो. ती रबराचे कण फुंकत ऐकत होती. मग म्हणाली, तू आजीला हो म्हटलंयस ना, तेवढं कर.

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध.

सेरि, बरं, म्हणाली, आणि कागद गुंडाळला. ती निघताना मी विचारलं की वीराचं नाक माझ्यासारखं का काढलंय. म्हणाली, जवळ दुसरं मॉडेल नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अत्या आता उठत नाहीत. पायांवर सूज. तरी तोंड चालू. मला बघून अनिरुद्धरावांना म्हणाल्या, "इंजिनिअर आला, माप घेऊ दे." अनिरुद्धराव हसले नाहीत. ते उशी नीट करत होते. दिवसभर तेवढंच करतात म्हणे. रजा टाकली आहे. सगळंच सोडून बसायची यांना सवय.

मग अत्यांनी त्यांना कॉफी करायला पाठवलं आणि मला जवळ बसवलं.

"वरुणची कोणी बांधली रे?"

वरुणराव, म्हणजे अप्पा. अत्यांना सगळं माहीत आहे, त्या दिवशी आमच्या दारात त्या होत्या. तरी विचारलं. मी नीट उत्तर दिलं. की बांबू आणायला कीळवासलच्या बाजारात मीच गेलो होतो. दुकानात गर्दी होती. उशीर व्हायला लागला. तेव्हा तिथूनच सांबशिवमला फोन लावला. तो आइस बॉक्स, गाडी, तिरडी, सगळं एकत्र देतो. परिस्थिती बघून घेतलेला निर्णय होता. मी तेव्हा मॅनेजमेंट सांभाळत होतो.

"बांबूच्या दुकानात गर्दी," अत्या म्हणाल्या. "सकाळी सात वाजता."

मी म्हटलं, लग्नसराई होती.

"आडीत," म्हणाल्या. आडी म्हणजे तमिळ आषाढ, त्यात इथे कोणी लग्न करत नाही. मग डोळे मिटून पडल्या. तशाच म्हणाल्या, सुंभ ओलं करून घे, कोरडं हाताला लागतं. अप्पाही हेच सांगायचे.

म्हणजे त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. उगाच टेक्निकल टिप्स देत नाही कोणी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गच्चीवरची ती वस्तू आज सोडवली. आई मागे उभी होती. मी म्हटलं, मांडव काढतोय.

आई म्हणाली, "मांडव कसला. एकोणतीस वर्षं तुझ्या अप्पाचे ते हात धुवायला पाणी दिलंय मी." मग खाली पडलेलं सुंभ गुंडाळत म्हणाली, कोणी गेलेलं नसताना बांधलेली रिकामी ठेवत नाहीत. काहीतरी निजवावं लागतं. म्हणून वडाम निजवले.

तीनशे.

  सुंभ तिने कपडे वाळत घालायला लावलं. गरज पडली की नवीन आणू. ताजं असलेलं बरं.

२ मार्च, रविवार

लेख पूर्ण. दोन हजार नाही, सहाशे दहा शब्द. घट्ट झालाय. इंग्लिश करून टाकला, कारण मराठीत टाकला तर या जिल्ह्यात मीच वाचणार. मुख्य मुद्दा: शोकात कर्तव्य सोडणारा हिरो हा मुळात हिरो नव्हताच, लेखकाने आपल्याला फसवलं. त्या शेळ्यांवर एक परिच्छेद होता, तो कापला.

वाचक चौदा. एक कमेंट: 'हू हर्ट यू ब्रो.' असल्या लोकांमुळेच तसले पिक्चर चालतात.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ६.२०

अखिलाचा फोन. अत्या पहाटे गेल्या. झोपेत. अखिला एवढंच म्हणाली, "ये." दुपारी दोनला न्यायचंय.

मी तयार आहे. एकदम शांत. आईच्या आधी शर्ट घालून उभा. आई रडतेय. मी तिला सांगितलं, तू चालत जा, मी बांबू घेऊन येतो. एक तास. हेच ते. सकाळी सहा, हिरो ड्यूटीवर.

सकाळी ७.०५

कीळवासल. दुकान उघडं. गर्दी नाही. बांबू बघितले. रंग बरा नाही. एकाला बारीक चीर होती. बहुतेक चीर होती. अत्यांना असले नकोत. आयुष्यात एकदाच लागणारी गोष्ट, ती फर्स्ट क्लास हवी. ओरत्तनाडूला चांगला बांबू मिळतो असं अप्पा म्हणायचे. निदान म्हणाले असतील. बसने तासाभराचं काम.

९.५०

ओरत्तनाडू. बस मध्येच बंद पडली, दुसरी घ्यावी लागली. (बंद पडली नव्हती. मी चहाला उतरलो आणि ती गेली.) वेळ आहे. दोनला म्हणजे अडीच. आपल्या लोकांचं माहीत आहे.

फोन सायलेंटवर. कामात व्यत्यय नको.

१२.१५

बांबू मिळाले. दोन, आठ-आठ फुटी. सुंदर. हिरवट पिवळे, सरळसोट. कंडक्टर म्हणतो, हे घेऊन बसमध्ये चढायचं नाही. मी त्याला परिस्थिती सांगितली. त्याने हात जोडले, मग पुन्हा नाही म्हणाला. दुसरा कंडक्टरही तसाच. संवेदना मेल्यात लोकांच्या.

छत्राच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या, बाहेर सावलीत बसलोय. बांबू मांडीवर. मिस्ड कॉल नऊ. आईचे सहा, अखिलाचे तीन. अखिलाचा शेवटचा ९.४० ला. त्यानंतर नाही. म्हणजे तिकडे सगळं नीट चाललंय.

संध्याकाळी ६.३०

केळीच्या पानांचा एक टेम्पो मिळाला. पोचलो तेव्हा चार चाळीस झाले होते. अत्यांच्या बिल्डिंगसमोरची जमीन धुवून ओली. झेंडूची चार फुलं, ती प्लास्टिकची. खाली कोणी नाही. मी दोन बांबू घेऊन उभा. वॉचमनने विचारलं, पंडाल कुठे टाकायचाय.

मग अनिरुद्धराव आले. स्कूटरवरून. ओलं धोतर, मागे अखिला बसलेली. स्कूटर दुसऱ्या खेपेला स्टँडला लागली. माझ्याकडे बघितलं, बांबूंकडे बघितलं. म्हणाले, "वर चल, पाणी पी." आणि पुढे गेले.

अखिला थांबली. मी तिला कंडक्टरबद्दल सांगितलं. चिरेबद्दल सांगितलं. ती ऐकत राहिली. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मग म्हणाली, आजीनं रविवारीच सांबशिवमचा नंबर काढून ठेवायला सांगितला होता. साडेनऊपर्यंत तुझी वाट बघा, मग फोन करा, म्हणाली होती.

मी म्हटलं, मग मला कशाला शब्द द्यायला लावला?

"विचारलं की तुला बरं वाटतं, म्हणायची. अप्पा गेल्यापासून तू कुणाच्या दारात आला नाहीस, तेवढ्या कामासाठी तरी यायचास."

वर गेलो नाही. बांबू तिथेच भिंतीला लावून ठेवले.

७ मार्च, शुक्रवार

काही नाही.

९ मार्च, रविवार. सकाळी ११

सीतारामरावांचा फोन आला. ते पलीकडच्या गल्लीत राहतात, शहात्तरचे आहेत, बायपास झालेली. मी उचलला. आधी गंगाबाईंबद्दल बोलले. मग घसा साफ केला. म्हणाले, आता आपल्यातलं हे जाणणारा तूच उरलास. आमच्या वेळी तू आहेस ना?

'नक्की' तोंडात तयार होतं.

मी म्हटलं, नाही. मला जमत नाही. अप्पांच्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. मी एकटाच होतो. दोन तास बसलो आणि उठता आलं नाही.

 मला वाटलं, फोन ठेवतील.

"बरं झालं, आधी सांगितलंस," ते म्हणाले. "मग त्या सांबशिवमचा नंबर दे. थांब, पेन घेतो."

दिला. फोनमध्ये बघावा लागला नाही.